परत येणाऱ्याचा परवाना

परदेशगमन ही आपल्या कुटुंबांना नवी गोष्ट नव्हे. गोव्याचे तारवटी मुंबईच्या कुडांत पेटी ठेवून बोटीची वाट पाहत बसत. त्यांच्यामागून पूर्व आफ्रिकेत कारकुनी करणारे गेले. आणि पुढे गोव्याच्या व बेळगाव-खानापूरकडच्या तरुणांनी आखाती देशांची वाट धरली. ही सारी माणसे पोटासाठी गेली. त्यांना निरोप द्यावयास आई उंबरठ्यापर्यंत येई आणि तेथेच थांबे.

आता त्या आईवरच प्रवासाची पाळी आली आहे. लेक विलायतेत परिचारिका आहे, तिचे दिवस भरत आले आहेत आणि तिला आई जवळ हवी आहे. मुलाने तिकडेच घर केले आहे आणि नातवाच्या स्नानसंस्काराला आजी-आजोबांनी यावे असा त्याचा हट्ट आहे. जी माउली आठवड्याच्या बाजारापलीकडे फारशी गेली नाही, तिला साठाव्या वर्षी सात समुद्र ओलांडावयाचे आहेत. आणि तेही कमावण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी नव्हे, तर चार महिने राहून पुन्हा आपल्या चुलीपाशी परत येण्यासाठी. अशा प्रवाशाला जो परवाना लागतो त्यास पाहुण्याचा व्हिसा म्हणतात. या परवान्याविषयी आपल्या घरांतून इतके गैरसमज आहेत, आणि त्या गैरसमजांवर इतक्या लोकांची पोटे भरत आहेत, की या विषयावर चार गोष्टी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. पासपोर्ट आपले स्वतःचे सरकार देते. हा आमचा नागरिक आहे, एवढेच तो सांगतो. व्हिसा परक्या देशाचे सरकार देते. तुम्ही आमच्या दाराशी यावे, अशी ती अनुमती होय. पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसा मिळालाच, असे मुळीच नाही. आपल्या लोकांस विलायतेच्या भेटीसाठी हा परवाना १९८६ पासून आधीच काढून न्यावा लागतो. येथे आम्ही मुख्यतः विलायतेचेच उदाहरण घेणार आहो, कारण आपल्या पुष्कळ घरांचे धागे तेथे गुंतले आहेत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने तेथील नागरिकत्व मिळू शकते. ब्रिटन युरोपीय संघाच्या नियमांत होते तोवर त्या पासपोर्टाच्या बळावर अनेक गोवेकर कुटुंबे स्विंडनसारख्या गावी जाऊन स्थायिक झाली. ती मोकळी वाट ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. तिकडे गेलेली मुले तिकडेच राहिली, भारतीय पासपोर्ट असलेले आईबाप इकडे राहिले, आणि त्यांच्या भेटीगाठी आता या पाहुण्याच्या व्हिशावर अवलंबून आहेत.

एकच प्रश्न

अर्ज पाहिला म्हणजे प्रथमदर्शनी माणूस घाबरून जातो. तुमचे उत्पन्न किती, खर्च किती, घरी कोण कोण असते, प्रवासाचा खर्च कोण करणार, तिकडे कोणाकडे उतरणार, यापूर्वी कोणत्या देशांत गेला होता, कोणत्या देशाने कधी नकार दिला होता काय, असे प्रश्नामागून प्रश्न येतात. परंतु नीट विचार केला तर या सर्वांच्या पोटी एकच प्रश्न दडलेला आहे: तुम्ही परत जाणार ना?

ब्रिटनचा नियम असा आहे की अर्जदार हा खरोखरीचा पाहुणा असला पाहिजे. भेटीची मुदत संपताच तो देश सोडील. वरचेवर येऊन तेथेच घर केल्यासारखा राहणार नाही. सांगितलेल्या कारणासाठीच येत आहे. मनाई केलेली कामे करणार नाही. आणि त्याच्या खर्चाची पुरेशी तरतूद आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. खात्री पटविण्याचा भार अर्जदारावर आहे. येथे आपल्या लोकांची गफलत होते. त्यांना वाटते की आपण श्रीमंत दिसलो तर व्हिसा मिळेल. वस्तुतः श्रीमंती हा त्या परीक्षेचा विषय नाही. ज्याला परत येण्यास कारण आहे आणि ज्याचे बोलणे व कागद एकमेकांशी जुळतात, तो गरीब असला तरी पाहुणा म्हणून जाऊ शकतो.

शेतकऱ्याच्या घरी परत येण्याची कारणे कितीतरी असतात. ती सांगण्याचे मात्र त्याला सुचत नाही. जूनमध्ये भाताची पेरणी आहे, फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे, धाकट्या मुलाचे लग्न व्हावयाचे आहे. ही कारणे आपल्या दृष्टीने इतकी नित्याची की ती लिहावयाची असतात हेच आपण विसरतो. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने तुमचे गाव पाहिलेले नाही, आणि बहुधा तो तुम्हांलाही पाहणार नाही; विलायतेच्या भेटीचे बहुतेक निर्णय मुलाखतीवाचून, कागदांवरूनच होतात. जे लिहिले नाही ते त्याच्या लेखी नाहीच. म्हणून अर्जासोबत एक साधे पत्र जोडावे: मी कोण, कोणाकडे जात आहे, कशासाठी, किती दिवस, खर्च कोण करणार, आणि परत का येणार. एक पानापेक्षा अधिक लांब पत्राची गरज नाही.

उसना पैसा

आमच्या परिचयाच्या एका घरी घडलेली हकीकत येथे सांगतो. सीमाभागातील एका खेड्यात राहणारी ती विधवा. दोन एकर भातजमीन, एक म्हैस, आणि शेजारीच राहणारा विवाहित मुलगा. लेक विलायतेत रुग्णालयात नोकरीस; नाताळाच्या सुमारास तिचे बाळंतपण. शहरातील एका एजंटाने तिला सांगितले की खात्यात पाच लाख दिसल्यावाचून अर्ज करणेच व्यर्थ. तिने दिराकडून आणि एका सावकाराकडून ती रक्कम पंधरा दिवसांसाठी उसनी आणून खात्यात भरली. एजंटाने अर्जात ती तिची स्वतःची शिल्लक म्हणून लिहिली. अर्ज इंग्रजीत होता. तिने तो वाचला नाही, कोणी वाचूनही दाखविला नाही.

नकार आला. कारण स्वच्छ लिहिले होते: या खात्यात एरवी वीस हजारांच्या वर रक्कम कधी आढळत नाही, अर्जाच्या थोडे दिवस आधी पाच लाख आले, ते कोठून आले याचा खुलासा नाही, सबब अर्जदाराची परिस्थिती ती सांगते तशी आहे अशी खात्री पटत नाही. सावकाराचे व्याज गेले, अर्जाचे शुल्क गेले, एजंटाचे पैसे गेले. लेकीचे बाळंतपण परक्या देशात आईवाचून पार पडले.

पुढे गावातील एका शिक्षिकेने दुसरा अर्ज भरून दिला. त्यात खात्यातील खरी शिल्लक होती. जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च लेक करणार, असे सरळ लिहिले होते. लेकीचे पत्र, तिच्या पगाराचे कागद आणि बँकेचे खाते सोबत होते. जमिनीचा उतारा, दूध सोसायटीचे पुस्तक आणि भात कापणीच्या आत परतावयाचे आहे हे सांगणारे पत्र जोडले होते. पहिला नकार लपविला नव्हता, आणि ती रक्कम उसनी होती हेही कबूल केले होते. व्हिसा मिळाला. परंतु आजी पोचली तेव्हा नात चार महिन्यांची झाली होती. पहिल्या अंघोळीचे पाणी जिच्या हातून पडावयाचे ती त्या दिवशी येथे गोठ्यात शेण भरत होती, ही गोष्ट त्या माउलीच्या मनातून अजून गेलेली नाही.

या हकीकतीचे तात्पर्य उघड आहे. ब्रिटनच्या नियमाने खात्यात अमुक इतकी रक्कम असलीच पाहिजे असे कोठेही ठरविलेले नाही. भेटीचा खर्च भागेल एवढी खरी तरतूद पाहिजे, आणि ती मुलाने किंवा लेकीने केली तरी चालते. मात्र नाते खरे असावे, देणाऱ्याची ऐपत कागदावर दिसावी आणि देणारा तेथे कायदेशीरपणे राहत असावा.

येथे शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपला पैसा हंगामी असतो. काजू विकला, ऊस कारखान्याला गेला, की वर्षाची रक्कम एकदम खात्यात पडते. हा पैसा घामाचा असला तरी परक्या माणसाच्या डोळ्यांना तो उसन्या पैशासारखाच दिसतो. म्हणून विक्रीची पावती, कारखान्याचे बिल किंवा सोसायटीचा दाखला त्यासोबत अवश्य जोडावा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नसल्यामुळे पुष्कळांकडे आयकराचे कागद नसतात. नसतील तर नाहीत असे लिहावे, ते कोणाकडून तयार करवून घेऊ नयेत.

कोणते कागद, कोणते नव्हे

अर्ज ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर संगणकाद्वारे भरावयाचा असतो, आणि प्रवासाच्या तारखेच्या फार तर तीन महिने आधी तो करता येतो. बाळंतपणाची तारीख ठाऊक असेल तर त्यावरून मागे मोजून दिवस ठरवावा. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिशाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले; असे दर वरचेवर बदलतात, यास्तव भरण्याच्या दिवशी चालू दर पाहावा. अर्ज भरल्यावर मुंबई, पुणे, बेंगळूर, हैदराबाद यांसारख्या शहरांतील केंद्रात ठरल्या वेळी जाऊन बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते. त्यानंतर निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत येतो. सहा महिन्यांच्या आतील भेटीसाठी क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागत नाही. तो लागतोच असे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

कागदांत मुख्य तीन प्रकार. पहिला, तुम्ही कोण व येथे तुमचे काय आहे हे सांगणारे: पासपोर्ट, गेल्या काही महिन्यांचे बँकेचे खाते, निवृत्तिवेतनाचा वा नोकरीचा दाखला, जमिनीचा उतारा. गोव्यात हा उतारा एक-चौदाचा म्हणून ओळखला जातो, कर्नाटकात पहाणी म्हणतात, आणि महाराष्ट्रात तोच सातबारा. दुसरा, बोलावणारे कोण हे सांगणारे: लेकीचे निमंत्रणपत्र, तिच्या तेथील वास्तव्याचा पुरावा, पगाराचे कागद. तिसरा, तुमचे तिच्याशी नाते काय हे सांगणारे: तिचा जन्मदाखला, ज्यावर आईबापांची नावे आहेत.

जो कागद मराठी, कोकणी वा कानडीत असेल त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर मुळाबरहुकूम असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यावे, आणि त्याखाली तारीख, आपले पूर्ण नाव, सही व संपर्काचा पत्ता द्यावा. तेवढ्यासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही, परंतु जे मुळात आहे तेच भाषांतरात उतरले पाहिजे.

काय जोडू नये, हेही सांगितले पाहिजे. विमानाचे आरक्षण, हॉटेलाचे आरक्षण, घरातील समारंभांची छायाचित्रे, नोटरीचे दाखले, मोटारीचे कागद यांचा उपयोग नाही, असे ब्रिटिश सरकारच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे. तरीही आपल्याकडे अर्जासोबत लग्नाचा संपूर्ण अल्बम जोडणारे आहेत, आणि निर्णय येण्यापूर्वीच तिकिटावर लाखभर रुपये घालून बसणारे आहेत. व्हिसा हाती येईपर्यंत तिकिटाचे पैसे अडकवू नयेत.

नाव एक, रूपे तीन

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची एक खास अडचण आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. घरात इनास, शाळेत इग्नेशियस. घरात कैतान, मतदारयादीत कजेतान. बापाचे आडनाव सोझ, मुलाचे डिसोझा, नातवाचे डिसूझा, आणि त्यातही कोणी ‘डि’ सुटा लिहितो, कोणी जोडून. पोर्तुगीज कारकून, इंग्रजी शाळामास्तर आणि कानडी तलाठी या तिघांनी आपल्या नावांना तीन रूपे दिली. गावात यामुळे कोणाचे काही अडत नाही. परंतु लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव एक आणि आईच्या पासपोर्टावर दुसरे, असे झाले म्हणजे ही तिचीच आई कशावरून, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारणाऱ्याचा दोष म्हणता येत नाही.

याचा उपाय घाईच्या वेळी होत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो. घरातील सर्वांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, आधार आणि पासपोर्ट एकदा एका टेबलावर मांडून ताडून पाहावेत. फरक आढळल्यास तो कायदेशीर रीतीने दुरुस्त करवून घ्यावा. निदान दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे शपथपत्र करून ठेवावे, आणि अर्जात त्याचा खुलासा करावा. लहान मुलांच्या बाबतीत तर हयगय मुळीच नको. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून सरकारी जन्मदाखलाच लागतो. या मुलांसाठी दुसरा कोणताही कागद चालत नाही.

या कामी लोक धर्मगुरूकडे येतात, आणि यावेच. जुन्या माणसांच्या बाबतीत स्नानसंस्काराची व विवाहाची नोंदवही हाच कित्येकदा सर्वांत जुना लेख असतो, आणि तिच्यातील उतारा आम्ही आनंदाने देतो. परंतु ‘पाद्री बाब, एवढे आडनाव तेवढे पासपोर्टासारखे लिहून द्या’, अशी विनवणी झाली म्हणजे आम्हांस नाही म्हणावे लागते. नोंदवही आमच्या मालकीची नाही. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या धर्मगुरूंची व सबंध गावाची ती ठेव आहे. जे लिहिले आहे ते आम्ही लिहून देऊ. जे लिहिलेले नाही ते आमच्या सहीने खरे होणार नाही. त्याचप्रमाणे ‘हा मनुष्य नक्की परत येईल’ अशी हमी देणारे पत्रही कोणी मागू नये. अमुक कुटुंब इतकी वर्षे या गावी राहते, आमच्या ओळखीचे आहे, एवढे सत्य आम्ही लिहू शकतो.

पाहुण्याची मर्यादा

पाहुण्याने घरमालकाच्या घरी कसे वागावे हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. विलायतेचा नियम त्याहून फारसा वेगळा नाही. एका भेटीत सहा महिन्यांहून अधिक राहता येत नाही. दोन, पाच वा दहा वर्षांच्या मुदतीचाही व्हिसा मिळतो, परंतु तोही प्रत्येक भेटीला सहा महिन्यांच्या वर राहू देत नाही. तेथे पगारी वा बिनपगारी नोकरी करता येत नाही. सरकारी मदत घेता येत नाही. आजीने नातवंड सांभाळावे की नाही, अशी शंका पुष्कळांना येते. थोड्या दिवसांच्या भेटीत आजीने घरच्या मुलाला सांभाळण्यास हरकत नाही. मात्र ती दाईची नोकरी होता कामा नये. म्हणून अर्जात ‘मूल सांभाळावयास जात आहे’ एवढेच मोघम लिहू नये. लेकीचे बाळंतपण आहे, तिच्यापाशी चार महिने राहून परत येणार आहे, असे जे खरे ते पूर्ण लिहावे.

दवाखान्याविषयीही गाफील राहू नये. पाहुण्याला तेथे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर त्याचा खर्च त्याच्याकडून घेतला जातो, आणि तो आपल्या कल्पनेच्या पलीकडचा असतो. मधुमेह, रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी प्रवासाचा विमा उतरवूनच निघावे, जुने आजार त्यात लपवू नयेत, आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरेशी न्यावीत.

व्हिसा हाती असला तरी विमानतळावर अधिकारी पुन्हा विचारू शकतो: कोणाकडे, किती दिवस, परतीचे तिकीट आहे काय? अर्जात जे लिहिले तेच उत्तर तोंडी यावे. लेकीचा पत्ता, फोन आणि निमंत्रणपत्राची प्रत मोठ्या पेटीत न ठेवता हातातील पिशवीत ठेवावी. इंग्रजी येत नसेल तर येत नाही असे सांगावे. त्यात लाज कसली?

आणि मुदत संपण्याच्या आत परतावे. जाणूनबुजून मुदतीबाहेर राहणे तेथे गुन्हा आहे. त्याचे परिणाम त्या एकट्यालाच भोगावे लागत नाहीत; लेकीने पूर्वी बोलावलेला पाहुणा वेळेत परतला होता काय, याचाही पुढच्या अर्जात विचार होऊ शकतो. एका भावाच्या हावेपायी दुसऱ्या भावाला आईबापांची भेट मुकावी लागते.

नकार आला तर

नकार म्हणजे कलंक नव्हे. पाहुण्याच्या व्हिशाच्या नकारावर सामान्यतः अपील नसते, शुल्कही परत मिळत नाही. परंतु पुन्हा अर्ज करण्यास मुदतीचे बंधन नाही. नकाराच्या पत्रात कारणे लिहिलेली असतात. ती जाणत्याकडून मराठीत समजावून घ्यावीत, ज्या गोष्टीने शंका आली तिचा पुरावा जोडावा, आणि मगच दुसरा अर्ज करावा. तोच अर्ज तसाच पुन्हा पाठविणे म्हणजे गळक्या घागरीत पुन्हा पाणी ओतणे होय.

खोटेपणाची गोष्ट मात्र निराळी. अर्जात खोटा कागद आढळला तर तो अर्जदाराला ठाऊक असो वा नसो, नकार येऊ शकतो. आणि अर्जदाराने फसवणूक केली असे ठरले तर ब्रिटनचे दार त्याला १० वर्षे बंद होऊ शकते. कॅनडात खोटी माहिती देणाऱ्यावर ५ वर्षांची बंदी येते. अमेरिकेत अशा माणसावर कायमची बंदीही येऊ शकते. साठ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत दहा वर्षे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. नातवंड मोठे होईल, आणि आजोबांना ते फक्त फोनच्या काचेत दिसेल.

प्रत्येक देशाची रीत थोडी निराळी आहे, हेही ध्यानी असावे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याने भेटीस येणारा मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे असे गृहीत धरतात, आणि तसे नाही हे त्याने वकिलातीतील मुलाखतीत पटवावयाचे असते. पोर्तुगाल, इटली, फ्रान्स आदी देशांचा मिळून एकच शेंगेन व्हिसा आहे. ज्या गावी १४ जून १९८५ रोजी पहिला करार झाला ते शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहानसे खेडे. या व्हिशावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. रोमच्या यात्रेस जाणाऱ्यांनाही हाच नियम.

आखाताविषयी तर तरुणांना निक्षून सांगितले पाहिजे. ‘आधी भेटीच्या व्हिशावर चला, नोकरी तेथे लावून देतो’, असे म्हणणारा मनुष्य तुमचे हित पाहणारा नव्हे. भेटीच्या व्हिशावर काम करणारा मजूर बेकायदा ठरतो. पगार बुडाला तरी त्याला दाद मागणे कठीण. परदेशी नोकरीस माणसे पाठविणाऱ्याला आपल्या १९८३ च्या कायद्याने सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. तो नोंदलेला आहे की नाही हे पाहिल्यावाचून त्याच्या हाती पासपोर्ट देऊ नये.

शिकलेल्यांचे काम

अर्ज कोणीही भरून दिला तरी त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी अर्जदाराची असते. एजंटाने टिचकी कोठे मारली हे आपल्याला ठाऊक नव्हते, ही सबब चालत नाही. म्हणून आमची धर्मग्रामातील शिकलेल्या मुलामुलींना कळकळीची विनंती आहे. तुमच्या गावात कोणी आजी, कोणी काका असा अर्ज करीत असतील, तर एक संध्याकाळ त्यांच्यासाठी काढा. संगणकावर त्यांच्याशेजारी बसा. प्रत्येक प्रश्न त्यांच्या भाषेत विचारा, त्यांनी सांगितलेले उत्तरच लिहा, आणि अर्ज पाठविण्यापूर्वी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘काकी, हे सगळे खरे ना?’ असे विचारा. आणि त्या ‘होय’ म्हणाल्या की मगच कळ दाबा. याला एक पैसा लागत नाही, आणि असे केल्यावर नकार आलाच तरी त्यामागे लाज वाटण्यासारखे काही उरत नाही.

ज्यांना हे काम जमते त्यांनी आपली नावे चर्चमध्ये द्यावीत, आणि ज्यांना जावयाचे आहे त्यांनी कागद ताडून पाहण्यास आजच आरंभ करावा. जे जातील त्यांनी लेकीला डोळे भरून पाहावे, नातवंडाला अंगाखांद्यावर खेळवावे, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे पेरणीच्या आत घरी यावे.